टिल्लीचं नाक आणि गाडीचा फिल्टर

रविवार, ९ फेब्रुवारी. संध्याकाळ.

टिल्लीला तिच्या आईकडे सोडून आलो. आजही परतताना तिचे डोळे लाल, नाक वाहतंय. गेल्या रविवारीही तेच. त्याच्या आधीच्या रविवारी माझं लक्ष नव्हतं, पण असणारच. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही बाबा, धूळ गेली.

धूळ. म्हणजे गाडीतली.

नीट विचार केला. (लोक भावनेच्या भरात निष्कर्ष काढतात. मी आधी निरीक्षण करतो.) सकाळी तिला आणायला जातो तेव्हा गाडीच्या काचा खाली असतात. नाक स्वच्छ. दिवसभर हिंडतो, जेवतो, नाक स्वच्छ. संध्याकाळी सोडायला निघालो की ऊन समोरून येतं, काचा वर, एसी चालू. आणि तिच्या आईचं घर जवळ यायला लागलं की सूं सूं सुरू. याचा अर्थ एकच. केबिन फिल्टर, एसीची हवा गाळतो तो.

गाडी घेतल्यापासून तो बदललेला नाही. असा काही फिल्टर असतो हे आजच कळलं, पण तो मुद्दा वेगळा.

व्हिडिओ पाहिला. चहा उकळेपर्यंत होणारं काम. गॅरेजला अजिबात नेणार नाही. निश्चय: येत्या रविवारच्या आत नवा फिल्टर, स्वतःच्या हाताने. पोरीचं वाढीचं वय आहे. बापाला आठवड्यातला एकच दिवस मिळतो, तो तरी स्वच्छ हवेत जायला हवा.

सोमवार, १० फेब्रुवारी.

ऑफिसात आज लिफ्ट अडकण्याची साथ आली होती. लिफ्ट कंपनीच्या तक्रार कक्षात बसणं हे वाटतं तितकं सोपं नाही. अडकलेला माणूस आतून बटण दाबतो, फोन मला येतो, आणि सुटका होईपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं असतं. घाबरू नका, आत हवा येते, आमचा माणूस निघालाय. माणूस निघालेला असो वा नसो, हे वाक्य थंडपणे म्हणता आलं पाहिजे. मला येतं. साहेब म्हणतात, तुमच्या आवाजाने अडकलेला माणूस झोपून जाईल. कौतुकच म्हणायचं.

जेवणाच्या सुट्टीत फिल्टर आणला. दुकानदाराने विचारलं, एअर फिल्टर ना? म्हणालो, अर्थात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

इंजिनाचा निघाला. चूक दुकानदाराची. हवा म्हटल्यावर कोणाची हवा, हे त्याने विचारायला हवं होतं. इंजिनाला हवा कशाला लागते हा प्रश्न मलाही पडला, पण दुकानात विचारला नाही.

इंजिनाचा परत घेत नाहीत. आणलाच आहे तर तोही बदलून टाकू. कधीतरी.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

आठवडाभर वेळच मिळाला नाही. मिळाला असता तर झालं असतं.

आज दुसरा फिल्टर आणून कामाला हात घातला. डाव्या सीटच्या समोरचा खण आधी रिकामा करायचा असतो. आत निघालं: गाडीचं पुस्तक, एक सेल नसलेला टॉर्च, विरघळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट, टिल्ली पहिलीत असतानाचा गुलाबी गॉगल. चॉकलेट फेकलं. गॉगल परत ठेवायला बाजूला काढला, लागेल कधीतरी.

मग खणाच्या दोन्ही बाजू आत दाबायच्या, म्हणजे तो खटक्यातून सुटून खाली येतो. व्हिडिओतला माणूस हे दोन बोटांनी करतो. त्याची गाडी नवी असावी. मला गुडघा लावावा लागला. टक्क असा आवाज आला आणि खण खाली आला. हे बरोबरच झालं, फक्त व्हिडिओत टक्क नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून बघत होते. ते म्हणाले, तुटलं वाटतं काहीतरी. म्हणालो, सुटलं. ते म्हणाले, माझ्या मेव्हण्याचंही असंच सुटलं होतं, मग गाडीच विकली. या काकांना उत्तर द्यायचं नाही असं मी मागेच ठरवलंय.

अंधार झाला. फिल्टर नेमका कुठे आहे ते उद्या बघू. खण वर बसत नाही. लोंबतोय.

रविवार, १६ फेब्रुवारी. संध्याकाळ.

टिल्लीला सांगितलं, काम अर्धं झालंय. लोंबता खण तिने मांडीवर घेतला आणि म्हणाली, बाबा, हे विमानातल्या ट्रेसारखं आहे. त्यावर सँडविच ठेवून खाल्लं. मला भरवताना, प्रवाशांनी पट्टे बांधून ठेवावेत, असं हवाईसुंदरीच्या आवाजात म्हणाली आणि स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली. खण दुरुस्त करायची घाई नाही.

आता ती आईपेक्षा उंच झालीय, तरी मी टिल्लीच म्हणतो. पूर्वी चारचौघांत म्हटलं की चिडायची. हल्ली चिडत नाही. समज येतेय.

परतताना म्हणाली, बाबा, मला तुला एक सांगायचंय. म्हणालो, आधी माझं ऐक. आणि फिल्टरची सगळी रचना समजावली. एक थर धुळीचा, एक परागकणांचा, एक कोळशाचा, तो वास शोषून घेतो. ती ऐकत होती. मग पुन्हा नाक. म्हणालो, बघ! बघ, मी सांगत होतो ते हेच! तिने तोंड खिडकीकडे वळवलं. तिचं सांगायचं राहिलं. शाळेतलं असेल काहीतरी, पुढच्या वेळी विचारतो.

रात्री तिच्या आईचा फोन. एरवी ती फोन करत नाही, मेसेज करते, तोही पूर्णविरामासकट. विचारलं, टिल्ली बोलली का तुझ्याशी? म्हणालो, दिवसभर बोलत होतो आम्ही. तसं नाही, त्याबद्दल बोलली का? म्हणालो, हो, सगळं बोलणं झालंय, माझ्याकडून काही अडचण नाही, मी तयारीला लागलोच आहे. ती म्हणाली, तिला फार त्रास होत होता रे, प्रत्येक रविवारी रडवेली होऊन येते. म्हणालो, माहीत आहे मला, थोडे दिवस लागतील, मग होईल ठीक. ती म्हणाली, हो, थोडे दिवस सगळ्यांनाच लागतील. आणि मग म्हणाली, तू इतक्या समजूतदारपणे घेशील असं वाटलं नव्हतं. थँक यू.

एका फिल्टरसाठी एवढं! पण कौतुक चालून आलं तर परत कशाला पाठवा. तिने माझं कौतुक शेवटचं कधी केलं होतं ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी.

जागा सापडली. खणाच्या मागे एक चपटं झाकण असतं, त्याच्या आत. जुना फिल्टर बाहेर काढला तेव्हा काका खाली उतरून आलेच होते. त्यात सुकी पानं, केस, एक अख्खी माशी, आणि रंग फरशी पुसण्याच्या ओल्या फडक्यासारखा. काका म्हणाले, एवढे दिवस हे फुप्फुसात घेत होतात? त्या पोरीला? मी त्यांना उत्तर दिलं नाही. पण फिल्टर बराच वेळ हातात धरून उभा होतो. वाटलं, हेच. हेच होतं. हा काढला की झालं.

नवा फिल्टर बोटभर मोठा आहे. गाडीचं साल मी दुकानदाराला बरोबरच सांगितलं होतं, फक्त ते शेजारच्या गाडीचं होतं असं आता लक्षात आलं. पुन्हा दुकानात जायला दिवस नाही. कात्रीने कापून बसवला. झाकण लागेना, चिकटपट्टी लावली. बाहेरून दिसत नाही.

एसी लावून पाहायचा राहिला. उद्या तिच्यासमोरच लावू, तेवढंच उद्घाटन.

रविवार, २३ फेब्रुवारी. संध्याकाळ.

उद्घाटन झालं.

एसी लावताच आत कोणीतरी पत्ते पिसावेत तसा फडफडाट झाला, आणि कापलेल्या कडेचा सगळा कोळसा टिल्लीच्या तोंडावर आला. पांढरा शर्ट, काळं नाक. आम्ही दोघंही जे हसत सुटलो ते गाडी कडेला घ्यावी लागली. ती हसता हसता रडायला लागली. म्हणालो, डोळे चोळू नकोस, कोळसा आहे. ती म्हणाली, बाबा, फिल्टरमुळे नाहीये हे. म्हणालो, माहितीये, बसवण्यात चुकलं.

मग तिने विचारलं, आई म्हणाली तू चालेल म्हणालास. खरंच? मी म्हणालो, चालेल म्हणजे, चालायलाच पाहिजे. आता कंपनीचा ओरिजिनल आणतो, मग बघ.

ती माझ्याकडे बघत राहिली. ओला रुमाल तोंडावर तसाच. मग डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं. मागून हॉर्न वाजत होते. वाजोत.

पोरीला बापाच्या कष्टांची जाणीव आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी.

आज दुपारी ऑफिसात मोबाइल वाजला आणि सवयीने बोललो, नमस्कार, तक्रार कक्ष. पलीकडे दातवाले.

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर, टिल्लीच्या आईचे आत्ताचे यजमान. गृहस्थ वाईट नाहीत, हीच त्यांची अडचण आहे. म्हणाले, प्रत्यक्ष आभार मानायला हवेत म्हणून फोन केला. तुम्ही हो म्हणालात म्हणून सगळं सोपं झालं. नव्या शहरात दवाखान्याची जागा घेतलीय, घर शाळेच्या जवळच आहे. तिची परीक्षा संपली की निघू. मोठ्या सुट्टीत टिल्ली तुमच्याकडे येईलच. तुम्ही काळजी करू नका, मी तिला जपेन.

मी काय बोललो ते शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नंतर सांगितलं. म्हणे मी म्हणालो, घाबरू नका, आत हवा येते, आमचा माणूस निघालाय.

दातवाले म्हणाले, हॅलो? मी फोन ठेवला.

बाईंनी पाणी आणून दिलं. म्हणालो, धूळ फार आहे या ऑफिसात.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी.

रजा टाकली. पोट बिघडलं असं कळवलं.

सकाळपासून एकच गोष्ट स्पष्ट आहे. मी हो म्हणालोच नाही. मी फिल्टरला हो म्हणालो. वेगळं होताना ठरलं होतं की मुलीला दुसऱ्या शहरात न्यायचं तर माझी परवानगी हवी. परवानगी फिल्टरची होती. हे कोणालाही पटेल.

तिच्या आईला फोन करून हेच सांगितलं. ती आधी हसली, तिला वाटलं विनोद आहे. मग तिच्या लक्षात आलं. ती एवढंच म्हणाली, अरे देवा.

मला वाटलं आता भांडण होईल. मुद्दे काढून ठेवले होते. भांडण झालं नाही. ती म्हणाली, ठीक आहे. तू नाही म्हण. तुझा हक्कच आहे, मी थांबेन, हेही थांबतील. पण कारण ऐकून ठेव. महिनाभर ती तुला सांगायचं म्हणून निघते आणि न सांगता परत येते. दार उघडून सरळ बाथरूममध्ये जाते तोंड धुवायला. मी विचारलं तर म्हणते, बाबाला वाटतंय गाडीत धूळ आहे, तो इतकी खटपट करतोय, मी कसं सांगू?

मी विचारलं, तिला जायचंय का?

तिची आई म्हणाली, ते तू तिला विचार.

म्हणालो, तू नाही विचारलंस का? विचारलं, म्हणाली, पण मला ती, बाबा म्हणेल तसं, एवढंच सांगते.

निश्चय: रविवारी स्पष्ट नाही म्हणायचं. बाबा म्हणेल तसं ना? मग बाबा म्हणतो थांब. एका शब्दाचं काम आहे. त्याआधी फिल्टर नीट बसवायचा. असल्या महत्त्वाच्या गोष्टी कोंदट गाडीत बोलू नयेत.

शनिवार, १ मार्च.

ओरिजिनल मिळाला. या वेळी गाडी घेऊनच दुकानात गेलो. बसवायला बसलो तर हात आत जाईना. चिकटपट्टीचा गोंद झाकणाला धरून बसलेला. मनगट खरचटलं. काका वरून काही बोलले नाहीत, तेच लागलं.

उद्या सकाळी करू. नाही म्हणायची तालीम आरशासमोर केली. आवाज बरा लागतो.

रविवार, २ मार्च. संध्याकाळ.

सकाळी टिल्लीला घेतलं आणि म्हणालो, आधी आपण माझ्याकडे जाऊ, फिल्टर बसवायचा राहिलाय. तिने बाह्या वर केल्या. आमच्या इमारतीखाली सीट मागे सरकवून ती पायाच्या जागेत अर्धी घुसली. तिचा हात सहज आत गेला. आईची बोटं आहेत, लांब. गोंद नखाने काढला, झाकण काढलं, माझं कापलेलं भजं बाहेर काढलं, नवा फिल्टर बाणाची दिशा खाली करून सरकवला. खणही वर बसवला, तुटलेल्या खटक्याच्या जागी केसांचं रबर गुंडाळून. चहा उकळेपर्यंत. व्हिडिओ बरोबरच होता.

दिवसभर नाही म्हणालो नाही. जेवताना म्हणणार होतो, पण ती जेवत होती. तळ्याकाठी म्हणणार होतो, पण ती बदकांना हाका मारत होती.

परतताना काचा वर, एसी चालू. गार, स्वच्छ, बिनवासाची हवा. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. तिचं घर जवळ आलं. सूं सूं.

गाडी थांबवली. म्हणालो, फिल्टर तर नवा आहे.

हो, म्हणाली.

मग मी ते विचारलं. जायचंय का तुला? खरं सांग. ती बराच वेळ खणावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, त्या शाळेत धावायचा मोठा ट्रॅक आहे, बाबा. मी बघून आले. तिथल्या सरांनी माझं टायमिंग बघितलं, म्हणाले येच. मला फार जायचंय. आणि तुझ्यापासून लांब अजिबात जायचं नाहीये. दोन्ही आहे. म्हणून मला काही सुचत नाही. तू सांग ना.

ती धावते हे मला माहीत होतं. टायमिंग घेण्याइतकं धावते हे माहीत नव्हतं. रविवारी आम्ही कधी धावत नाही. गाडीतून जातो.

तालीम केलेला शब्द तोंडाशी होता. आवाजही लागला होता. तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणालो, चालेल.

खरंच? म्हणाली.

म्हणालो, हो, या वेळी कळून म्हणतोय.

ती गळ्यात पडली. गिअरचा दांडा बरगडीत रुतत होता. तिला सांगितलं नाही.

शनिवार, २९ मार्च.

आज निघाले. त्यांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीत सामान रचायला मदत केली. दातवाल्यांना दोर बांधता येत नाही, मी बांधला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. म्हणालो, वळणावर सावकाश.

तिची आई म्हणाली, जेवत जा वेळेवर. मी म्हणालो, तूही.

टिल्ली मागच्या सीटवर उशांच्या मधे. काच खाली केली आणि म्हणाली, बाबा, आता रडू नको हं, मग मीही रडेन, आणि आता माझ्याकडे धुळीचं कारण नाहीये. मी म्हणालो, मी कुठे रडतोय. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचा हात बाहेर होता. आईने आत घे म्हटलं असणार, घेतला.

मी तिथेच थोडा वेळ उभा होतो. समोरच्या दुकानदाराने विचारलं, काही हवंय का? साबण घेतला.

रविवार, ६ एप्रिल.

सवयीने लवकर उठलो, दाढी केली, चांगला शर्ट घातला. मग कळेना कशासाठी. साहेबांना फोन करून म्हणालो, रविवारची ड्युटी कोणाची आहे? मी बसतो. ते म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

दुपारी एक बाई अडकल्या. आवाजावरून वयस्कर. घाबरल्या होत्या. त्यांना नेहमीचं सगळं सांगितलं. खरंच माणूस निघाला होता, पण पोचायला वेळ होता, म्हणून बोलत ठेवलं. त्यांनी विचारलं, रविवारी सुद्धा काम करता? घरी कोणी वाट बघत नाही का? म्हणालो, मुलगी आहे. केवढी? सांगितलं. काय करते? म्हणालो, धावते. खूप छान धावते. त्या म्हणाल्या, येऊन जाऊन असते का तुमच्याकडे?

म्हणालो, हो. दर रविवारी.

मग पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी बाईंना हात द्या म्हणालं. लिफ्टमधली लाइन तशीच चालू राहिली. त्या कोणाला तरी सांगताना ऐकू आलं, फार चांगला माणूस होता, सारखा बोलत होता.

मी लाइन लगेच बंद केली नाही. रिकाम्या लिफ्टमधला पंखा ऐकू येत होता.